माळाचा सातबारा

आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाहुणे येतात ते पंढरपूरला, अक्कलकोटला, संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आणि अलीकडे हुरडा पार्टीला. माळ बघायला कुणी आल्याचं ऐकिवात नाही. यायचं तरी कशाला? एप्रिल-मेमध्ये तिथं मुरूम आणि धोंडे यांखेरीज काही नसतं. उन्हाच्या झळांनी क्षितिज थरथरत असतं, चार-दोन बोरी-बाभळी आपापली सावली बुंध्याशी गोळा करून उभ्या असतात आणि लांबवर एखादं शेरडांचं खांड धुळीतून सरकत असतं. पुण्याहून आलेली माझी मामेबहीण एकदा गाडीच्या काचेतून बाहेर बघत सहज म्हणाली होती, "केवढी जागा वाया गेलीय गं इथं!" तिला तरी काय बोलणार? सरकारदप्तरीही ही जमीन बहुतेक ठिकाणी पडीक म्हणूनच लावलेली असते.

माळ बघावा तो भाद्रपदात. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की मुरमातून मखमली लाल किडे बाहेर येतात. आर्द्रा-पुनर्वसूत मातीवर हिरवट झाक धरते, आणि श्रावण सरता सरता गवत गुडघ्याला लागतं. पवन्या, मारवेल, कुसळ. प्रत्येकाची उंची वेगळी, लवण्याची तऱ्हा वेगळी. वारा आला की सगळा माळ एकाच दिशेला झुकतो आणि उलट्या बाजूची फिकट पाती क्षणभर चमकून जातात. चंडोल सरळ वर चढत जातो, दिसेनासा होतो, गाणं तेवढं खाली येत राहतं. धाविक पक्षी पायांना चाकं लावल्याच्या वेगाने चार हात पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. दसरा उलटला की हिरवा उतरतो आणि सबंध माळ तांबूस होतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हे तांबूसपण असं काही पेटतं की रंगांची नावं सांगत बसण्यात अर्थ उरत नाही.

कुसळाचं बी एकदा निवांत हातात घेऊन बघा. एका टोकाला सुईगत टोकदार दाणा, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि दुसऱ्या टोकाला बोटभर लांब, पिळे पडलेली काळपट शेपटी. लहानपणी आमचा एक उद्योग असायचा. बी तळहातावर ठेवायचं, शेपटीला थुंकी लावायची आणि वाट बघायची. दोन-तीन क्षणांत शेपटी आपोआप फिरायला लागायची. कोरडी असताना पिळलेली शेपटी ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते. या उलटसुलट फिरण्यात दाणा मातीत रुतत जातो आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. पेरणारा कुणी नाही, पाभर नाही, बैल नाही. माळ दरवर्षी स्वतःची पेरणी अशी करतो. तीच कुसळं आपल्या मोज्यांत शिरली की आपण माळाला शिव्या घालत परततो, हा भाग वेगळा.

या गवतात माळढोक राहायचा.

मी तो पाहिला तेव्हा शाळेत होते. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून बार्शीच्या रस्त्याने नान्नजला गेलो होतो. तिथल्या राखणदाराने बोट दाखवलं, पण मला आधी काहीच दिसेना. मग गवतातून एक पांढरी मान वर आली. वर काळी टोपी, खाली तपकिरी पाठ, आणि पाय चांगले दणकट. घरातला कर्ता म्हातारा सकाळी बांधावरून पिकाची पाहणी करत जातो, तसा तो चालत होता. दोन पावलं, थांबणं, मान वळवून एक नजर, पुन्हा दोन पावलं. घाई नावालाही नाही. वडील हलक्या आवाजात म्हणाले, "हा उडतो बरं का." मला ते खरं वाटलं नव्हतं. एवढं धूड उडेल कसं? तो त्या दिवशी उडालाही नाही. चालत चालत उताराआड गेला.

नर माळढोक मीटरभर उंच आणि वजनाला १५ किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. पावसाळ्यात तो गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती लोंबत पार जमिनीलगत येते. शेपूट पाठीवर उलटी उभारतो आणि लांबवर जाणारा घुमका हुंकार काढतो. मादी घरटं असं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, एखाद्या गवताच्या ठोंबाशेजारी एक अंडं घालते. एकच, क्वचित दोन. पुढे सुमारे २७ दिवस ती एकटी ते उबवते, पिल्लूही एकटीच वाढवते. त्यातच कोल्हं, घोरपड, कावळा, भटकं कुत्रं, नाहीतर नुसता एखाद्या गाईचा पाय. वर्षातून एक अंडं आणि त्याला इतके दावेदार.

अशा पक्ष्याला एकाच गोष्टीचा आधार असतो, तो म्हणजे लांबवरचं दिसण्याचा. कोल्हं अर्ध्या मैलावर असतानाच ते कळलं तर मादीला अंड्यावरून उठून दुसरीकडे लक्ष वेधायला वेळ मिळतो. म्हणून त्याला मोकळं रान लागतं. झाडी नको, इमारत नको, उंच पीकसुद्धा नको. आपण ज्याला ओसाड म्हणतो ते त्याचं भरलेलं घर असतं. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरं, शेजारच्या रानातले ज्वारीचे आणि भुईमुगाचे दाणे यावर त्याचं पोट भरतं. जिरायती शेताशी त्याचं वाकडं कधीच नव्हतं. हुलगा, मटकी, करडई, तूर, रब्बीची मालदांडी ज्वारी अशी सगळी कमी उंचीची किंवा विरळ पिकं, आणि मधूनमधून सोडलेलं गवताचं रान. आमचा दुष्काळी मुलूख त्याला अगदी सोयीचा होता.

दुष्काळाचं नाव उगाच घेतलेलं नाही. नान्नजचे माळढोक बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते १९७२ मध्ये, सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्यामुळे. तो ऐन दुष्काळाचा काळ. पाठोपाठ अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. जनावरांना चारा मिळावा आणि माती धरून राहावी म्हणून माळाचे तुकडे कुंपण घालून राखले गेले. पक्ष्याचा विचार त्या योजनेत कुणीही केलेला नव्हता. पण चराई थांबलेल्या या तुकड्यांत गवत वाढलं आणि माळढोकाच्या माद्या तिथं अंडी घालायला लागल्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी १९८०च्या दशकात नान्नजला राहून या पक्ष्याचा अभ्यास केला, तेव्हा राखीव तुकड्यांचं हे महत्त्व त्यांच्या नजरेत आलं. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट फार मोलाची वाटते. माळढोकाचं सर्वांत जास्त भलं ज्या योजनेने केलं, ती शेरडा-गुरांच्या चाऱ्यासाठी होती.

त्याच्या नावाने जी योजना आली तिची कथा निराळी. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर. आख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे दोन गोवे आत मावून वर जागा उरली असती. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, तालुक्याच्या बाजारपेठा, साखर कारखाने, रस्ते, लोकांच्या मालकीची शेतं, सगळं एका रेषेच्या आत. वनखात्याच्या प्रत्यक्ष ताब्यात होते ते गवताचे विखुरलेले तुकडे, आणि कायदा मात्र सगळ्यांना लागू. जमीन विकायची, बिगरशेती करायची, खडी फोडायची, वीटभट्टी लावायची, रस्ता रुंद करायचा, काहीही काढलं की अभयारण्य आडवं येई. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर काढायला निघालेल्या माणसाला तलाठी कचेरीत एका पक्ष्याचं नाव ऐकावं लागलं, आणि तो पक्षी त्याने जन्मात पाहिलेला नव्हता. असा राग पिढीजात उतरतो. पुढे खूप वर्षांनी हद्दी आखडून अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी जवळजवळ संपत आला होता आणि राग पुरता मुरला होता.

नान्नजच्या पलीकडे एकदा एक मेंढपाळ भेटले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि मी दुर्बीण लावून काय शोधतेय याची त्यांना मनापासून मौज वाटत होती.

"काय बघायलाव, ताई?"

"माळढोक दिसतो का कधी, मामा?"

"व्हता की. आमच्या आज्याच्या टायमाला शेरडांसंगं चरायचा. आता पाखरू गेलं, त्याचा कायदा तेवढा ऱ्हायलाय."

मी हसले. ते हसले नाहीत. काठीने समोरच्या कुंपणाकडे खूण करून म्हणाले, "गवत राखाय आमचं न्हाई म्हननं न्हाई. राखलं तर पाखराला बी हाय, शेरडाला बी हाय. पर कुंपन कवा घालायचं अन् कवा उघडायचं, ते आमास्नी इचारा की. आमी काय हितं आज आलोय व्हय?"

गवताळ माळाच्या व्यवस्थापनावर जाडजूड अहवाल निघतात. त्यांचा गाभा या चार वाक्यांपलीकडे फारसा जात नाही. विणीच्या महिन्यांत चराई बंद ठेवायची, नंतर बेताने मोकळी करायची. गवताला चराई अजिबात नसली तर ते माजतं आणि झुडपं शिरतात, अती झाली तर माती उघडी पडते. मेंढपाळाला हे शिकवावं लागत नाही. त्याला विचारावं लागतं, एवढंच.

आता पाण्याकडे येते. भीमेवर उजनी धरण झालं आणि कालव्याचं, विहिरींचं, बोअरचं पाणी माळाच्या अंगाला लागलं. जिथं वर्षाला एक ज्वारी निघायची तिथं ऊस उभा राहिला. उसाच्या फडात माळढोकाला काहीही दिसत नाही, तो तिथं जातच नाही. आणि खुद्द नान्नज? द्राक्षबागायतदारांना हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. नानासाहेब काळे यांनी इथल्याच बागेत 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' या द्राक्षाच्या जाती निवडून वाढवल्या. आज बाजारात काळी, बिनबियांची द्राक्षं हातात घेताना कुणाला नान्नज आठवत नाही, पण ती तिथली आहेत. एकाच गावच्या मातीत एका माणसाने एका पिकाचं नशीब उजळलं आणि त्याच मातीतून एक पक्षी हद्दपार होत गेला. यात मला खलनायक सापडत नाही. दुष्काळात खडी फोडलेल्या बापाच्या मुलाने बाग लावली तर त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? मी स्वतः ती द्राक्षं आवडीने खाते.

माझी तक्रार त्यानंतरच्या लाटेबद्दल आहे. शेतकऱ्याने माळ फोडून पोटापाण्याला लावला, तोवर त्याला काही एक हिशेब होता. आता माळाला गिऱ्हाईक आलं आहे ते गुंतवणूकदाराचं. रस्त्याकडेचे फलक बघा. 'एनए प्लॉट, निसर्गाच्या सान्निध्यात.' मुरमावर चुन्याच्या रेघा ओढलेल्या, चारी कोपऱ्यांना दगड पुरलेले, मधोमध एक कमान आणि कमानीच्या आत वर्षानुवर्षं कुणीही राहायला आलेलं नाही. घर होत नाही, गवतही होत नाही. सपाटीकरणाच्या यंत्राने वरची बोटभर माती एकदा खरवडून नेली की कुसळाला पुन्हा रुजायला किती पावसाळे लागतात ते त्या प्लॉटच्या मालकाला कळायचं कारण नाही, कारण तो नागपुरात किंवा नेवार्कमध्ये बसून भाव वाढायची वाट बघत असतो. सान्निध्य विकताना निसर्ग आधी साफ केला, याचं कुणालाच हसू येत नाही.

दुसरं गिऱ्हाईक आहे सूर्याचं आणि वाऱ्याचं. सौरऊर्जेची पॅनेलं आणि पवनचक्क्या मला नको आहेत असं नाही. कोळशाच्या धुरापेक्षा त्या बऱ्याच, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण त्या उभ्या करायला सगळ्यात आधी माळ सुचतो, कारण तो स्वस्त असतो आणि तिथं 'काही नसतं'. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे. तिथल्या अभ्यासाचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी खूपच कमी आढळले. ते कमी झाले म्हणून पंखागत गळा फुलवणारे सरडे बेसुमार वाढले. हे 'सरडा' याच शास्त्रीय नावाचे सरडे. नराचा गळा फुलला की निळा, काळा, केशरी असा झगझगतो. वरून झडप घालणारं कुणी नसल्यामुळे ते बेफिकीर झाले, माणूस जवळ गेला तरी पटकन पळेनात. संख्या वाढल्याने खाणं पुरेना आणि अंगाने मात्र वाळले. पात्यांच्या खाली जमिनीवर काहीच बदललेलं दिसत नव्हतं. गवत तसंच होतं, दगड तसेच होते. तरी सगळं घराणं उलटंपालटं झालं होतं.

माळढोकाला पातं लागत नाही, तार लागते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. जमिनीवर चालताना आजूबाजूचं सगळं दिसावं म्हणून ते तसे आहेत, पण त्यामुळे नाकासमोरचं नीट दिसत नाही. अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. उच्चदाबाची तार समोर आली की संपलं. राजस्थान-गुजरातमध्ये त्याच्या मरणाचं हे मोठं कारण ठरलं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा घडवणाऱ्यांपैकी एक असलेले एम. के. रणजितसिंह याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या मुलखातल्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. पक्ष्याच्या खटल्यात माणसाला हक्क मिळाला. पक्षी अजून तारेखालीच आहे.

आपल्याकडे तर पक्ष्यावर खापर फोडणं फारच सोपं. सोलापूरचं विमान का उडत नाही, असं कुणी विचारलं की पानटपरीवर ठरलेलं उत्तर मिळे. माळढोक! बोरामणीच्या नव्या विमानतळाला थोडी वनजमीन आड आली होती, हे खरं. पण होटगी रस्त्यावर जुना विमानतळ होताच, आणि त्याच्या वाटेत उभी होती साखर कारखान्याची चिमणी. ती २०२३ मध्ये पाडली आणि पुढच्या वर्षी विमानतळाचं उद्घाटन झालं. पानटपरीवर याची चर्चा फारशी रंगली नाही.

आणि तिसरं संकट तर हार-तुरे घेऊन येतं. वृक्षारोपण. माळ उघडा दिसला की आपल्या हातांना खड्डे खणायची शिवशिवी सुटते. सुबाभूळ, निलगिरी, गिरीपुष्प अशी चटकन वाढणारी रोपं ओळीने लावली जातात, पुढाऱ्याच्या हस्ते एक लावलं जातं, फोटो निघतो. गवताळ माळ हा उजाड झालेल्या जंगलाचा अवशेष आहे आणि झाडं लावून आपण त्याला बरं करतोय, अशी प्रामाणिक समजूत त्यामागे असते. दख्खनच्या कमी पावसाच्या मुलखात ती बहुतेक ठिकाणी चूक आहे. इथला माळ हा माळच होता. झाड वाढलं की कावळ्याला आणि गरुडाला टेहळणीची जागा मिळते, सावलीत गवत मरतं, आणि लांबवर बघून जगणाऱ्या पक्ष्याची नजर अडते. कर्नाटकात राणेबेन्नूरला काळवीट आणि माळढोकासाठी राखलेल्या अभयारण्यात निलगिरी लावली गेली. माळढोक तिथून गेला. बुलडोझरने जे केलं असतं तेच रोपवाटिकेने केलं, फक्त टाळ्या घेऊन.

लोकांना दुखावून काय होतं याचा धडा मध्य प्रदेशातल्या करेराने दिला. शिवपुरी जिल्ह्यातल्या करेराला १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. सुरुवातीला गाववाल्यांना त्याचा अभिमान होता, पक्षी वाढलेही. मग जमिनीच्या खरेदी-विक्रीवरची बंधनं टोचायला लागली, वाढलेल्या काळविटांनी पिकं खाल्ली, आणि अभिमानाचा राग झाला. १९९०च्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. राखायला काही उरलं नाही, म्हणून पुढे अभयारण्य रद्द करण्याच्याच हालचाली झाल्या. नान्नजची कथा वाचावी तर करेराच्या कागदावर फक्त गावाचं नाव खोडायचं.

१९६९च्या सुमाराला देशात हे पक्षी १,२६० असावेत असा अंदाज होता. २०१८ पर्यंत तो दीडशेवर आला. कच्छमध्ये नर उरला नाही, मोजक्या माद्या हिंडत राहिल्या. जे आहेत ते जवळजवळ सगळे राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. तिथं ते राज्यपक्षी आहेत, लोक त्यांना गोडावण म्हणतात. रानातून अंडी उचलून सम आणि रामदेवराच्या केंद्रांत उबवली गेली, पिल्लं वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून एक पिल्लू जन्मालाही आलं. ही बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता. कुणीतरी रात्र-रात्र जागून ते अंडं फिरवलं असेल. पण पिंजऱ्यातल्या पिल्लांना उद्या सोडायचं कुठे? पक्षी प्रयोगशाळेत वाढवता येतो. कुसळ, नाकतोडे, चंडोल, खोकड, मुरूम आणि मैलभर मोकळी नजर असा माळ कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही.

महाराष्ट्रात आज माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रात बातमी होते. तेव्हा एक प्रश्न लोक विचारतात, आणि तो रास्त आहे. पक्षीच नाही तर माळ कुणासाठी राखायचा?

यावर मी कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचं नाव घेते. काळविटांसाठी १९८० मध्ये झालेलं हे अभयारण्य अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. शहरातल्या दोन-तीन वॉर्डांएवढी जागा. आकाराने हसू यावं असं, पण ते जमिनीवर खरोखर आहे, राखलेलं आहे, आणि तिथं काळवीट आहेत. काळविटाची वाढ झपाट्याने होते आणि माळढोकाची होत नाही, हा फरक मला मान्य आहे. तरीही ८,४९६ चौरस किलोमीटरच्या कागदापेक्षा दोन चौरस किलोमीटरचं खरं गवत जास्त कामाचं ठरलं, हेही डोळ्यांनी दिसतं. आणि माळढोक गेला म्हणून माळ रिकामा झालेला नाही. लांडगा अजून तिथं पिल्लं घालतो. वाघासाठी जंगलं राखली जातात, पण लांडग्याचं घर हा माळच, आणि तो कुठल्याही क्षणी कुणाचाही प्लॉट होऊ शकतो. खोकड आहे, धाविक आहे, हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये गवतावरून तरंगत जातात आणि रात्री त्याच गवतात, जमिनीवर झोपतात. त्यांना झाड लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडकं आहे. आता दोन गोव्यांएवढ्या रेषा ओढू नका. जे गवताचे तुकडे सरकारच्या, ग्रामपंचायतीच्या, देवस्थानाच्या नावावर शिल्लक आहेत, ते मोजा, आणि ते कुणालाही, कितीही चांगल्या कामासाठी, देऊ नका. सौरऊर्जा आधी छपरांवर, कालव्यांवर, खरोखर नासलेल्या जमिनींवर न्या. माळाशेजारी जो शेतकरी उसाऐवजी ज्वारी-मटकी ठेवायला तयार आहे, त्याला त्या ज्वारीचा भाव उसाच्या जवळपास मिळेल अशी सोय करा. कायद्याचा बडगा दाखवून गवत राखता येत नाही, हे एव्हाना दोन राज्यांनी सिद्ध केलं आहे. कुंपण कधी उघडायचं ते मेंढपाळाला विचारून ठरवा. यातलं काहीही खर्चिक नाही. रस्त्याच्या एका उड्डाणपुलात असे कितीतरी माळ राखून होतील.

हे सरकारला. तुम्हाआम्हाला एवढंच, की माळावरचा प्लॉट स्वस्त मिळतोय म्हणून घेण्याआधी एकदा भाद्रपदात तिथं पायी फिरून या. आणि येत्या पावसाळ्यात शाळेतून, ऑफिसातून, सोसायटीतून वृक्षारोपणाचं बोलावणं आलं, तर जरूर जा, पण आधी खड्डे कुठे खणलेत ते विचारा. माळावर खणले असतील तर रोप घेऊन परत या. रस्त्याच्या कडेला लावा, शाळेच्या आवारात लावा, विहिरीच्या काठाला लावा. माळावर लावू नका.